व्हॉल्व्ह बनवणारं गाव

आखातातल्या आमच्या शहरात, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नाशिकचं एक जोडपं राहत असे. तो माझ्याच वयाचा, गॅस प्रकल्पावर तपासणी अभियंता. प्रकल्पाचे मोठे व्हॉल्व्ह उत्तर इटलीतल्या एका लहान गावात बनत. ते जहाजावर चढण्याआधी त्यांची दाबचाचणी समोर उभं राहून पाहायची, हे त्याचं काम. वर्षातून एक-दोनदा जाई. परतला की जेवताना त्या गावाचा इतिहास सांगे.

मी इथल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. ऐकलेलं पडताळायची सवय. त्याचं बहुतेक बरोबर निघालं. गावाला एकच वेस उरली आहे. तटबंदीचे बाकी दगड लोकांनी घरं बांधायला नेले. आत चौकात विहीर, तिच्यामागे चर्चचा घंटेचा मनोरा, आणि उतार संपतो तिथे नदीवरचा कमानींचा पूल. गावात पूर्वी रेशमाच्या गिरण्या होत्या आणि बायका पूल ओलांडून कामावर जात. महायुद्धात पुलाची मधली कमान उडाली. युद्धानंतर गावकऱ्यांनी नदीतले दगड वर काढून ती पुन्हा बांधली. गिरण्या बंद पडल्यावर त्याच इमारतींत आधी नळ आणि नंतर व्हॉल्व्ह बनू लागले.

"एवढं गाव पाठ केलंत, आणि मला आणलंत काय? हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या," वहिनी म्हणायच्या.

"या खेपेला तूच चल. त्या पुलावर नेऊन उभी करतो तुला."

"दर खेपेला 'या खेपेला'! भाऊजी, छापा हो हे पेपरात. म्हणजे तरी लाज वाटेल यांना."

गेल्या हिवाळ्यात खरंच ठरलं. दोघांच्या व्हिसासाठी तारीख मिळाली. त्या तारखेआधीच तो साइटवर कोसळला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेला. अंत्यसंस्कार नाशिकला झाले. नंतर वहिनी घर आवरायला परत आल्या. त्यांचा रहिवासी परवाना त्याच्या नोकरीवर होता आणि आता रद्द होणार होता.

"व्हिसाची ती तारीख अजून आहे, भाऊजी," त्यांनी विचारलं. "मी एकटी गेले तर? तो पूल तेवढा बघून येईन."

मी चौकशी केली. परवाना संपत आलेल्या माणसाला इथून व्हिसा मिळत नव्हता. भारतातून नव्याने अर्ज करता येईल, असं मी सांगितलं.

"तिथून कोण जाऊ देतंय? मुलगा म्हणतो, आई, आता तिकडे काय आहे?"

शुक्रवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. नकाशावर त्या गावातल्या रस्त्यांचे फोटो होते. कॅमेरा लावलेल्या गाडीने टिपलेले. बाण दाबला की रस्ता पुढे सरके.

"स्टेशनपासून घ्या," वहिनी म्हणाल्या.

वेस आली. "अरुंद आहे ना? ट्रक अडकतो म्हणायचे. आता डावीकडे विहीर."

विहीर उजवीकडे होती. "मग हे चर्चच्या बाजूने येत असतील. हॉटेल तिकडे असेल."

उतारावरून नदी दिसू लागली. पुलाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले होते. मी बाण पुन्हा पुन्हा दाबला.

"का थांबलात?"

"पुढे गाडी जात नाही, वहिनी. पूल पायी जाणाऱ्यांसाठी आहे. फोटो इथे संपतात."

त्या स्क्रीनजवळ वाकल्या. कठडा, पलीकडची दोन झाडं आणि पाठमोरी एक बाई दिसत होती.

"मधली कमान दिसत नाही इथून."

"नाही."

"काठाने रस्ता असेल एखादा?"

काठाचा रस्ता भिंतीमागून जात होता. नदीही दिसेना. मी परत पुलाच्या तोंडाशी आलो.

"खलास," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. भांडी बांधायची राहिली होती. मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"असू द्या उघडा," त्या म्हणाल्या. "माझं आवरेपर्यंत असू द्या."