चंद्रीचा ढेकर

दूध नासतं, म्हणून ते ऊन चढायच्या आत पुढे पाठवावं लागतं. गप्पा नासत नाहीत, म्हणून त्या आमच्या डेअरीवरच राहतात!

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा गावापासून फार लांब नाही. दोन्ही वेळचं दूध मोजायचं काम माझ्याकडे. माणसं कॅन टेकवतात, फॅट मशीनकडे बघत उभी राहतात आणि तेवढ्या वेळात एखादा किस्सा ठेवून जातात. घरी गेलो की मी तो डायरीत उतरवतो. मागचं पान उलटावं तर त्याच्यावरही असाच एखादा किस्सा! गेल्या हिवाळ्यापासून तर सगळे किस्से एकाच गोष्टीभोवती फिरताहेत. म्हशीच्या ढेकराभोवती.

*

ती धुक्याची सकाळ होती. धुकं नदीवरून उठून सरळ गल्लीत शिरलं होतं. माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. कॅनच्या कड्यांचे आवाज कुठून तरी लांबून, झोपेत आल्यासारखे येत होते.

तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता की गुरांच्या ढेकरातून एक वायू निघतो आणि त्यामुळे पृथ्वी तापते.

धुडकू जिभाऊ चार म्हशींचे मालक. डोक्याला कानटोपी, तिच्यावर शाल, शालीवर गोणपाट! त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला, दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाले, "इतल्या म्हशी शेतस गावमा, मंग माले इतली थंडी काब्र वाजी ऱ्हायनी? अजून दोन लई या रे!"

*

तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला होता रमणगुरुजींनी. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या आईचं जिथे गुरं बांधायचं खळं होतं, तिथे त्यांनी चांगला बंगला बांधलाय. दारात जुना कडुनिंब तेवढा राहू दिला. आईची म्हैस जिथे बांधायचे, तिथे आता पोर्च आहे आणि पोर्चमध्ये गाडी. त्याच जागी जन्मलेली शेवटची एक पारडी उरली होती, ती गुरुजींनी बंगल्याचा पाया खणायच्या आधी मागच्या गल्लीतल्या वनूमावशीला दिली. तीच ही चंद्री. मावशी एकटी, तिची म्हैस एकटी.

गुरुजींनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला: गावातल्या सगळ्या म्हशी नाल्यापलीकडच्या पडीक जागेवर हलवा. शेण नाल्यात जातं, नाला तापीत जातो. संध्याकाळी म्हशींना डास चावू नयेत म्हणून घरोघरी पाल्याची धुरी करतात, तिचा धूर घरात येतो. वर आणि हा वायू!

गुरुजींचं खोटं नव्हतं. पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी नदीचं पाणी कोणत्या रंगाचं होतं, ते मी पाहिलंय. पण मावशीच्या गुडघ्यांचंही खोटं नव्हतं. ती डेअरीच्या पायरीवर बसून म्हणाली, "मन्हा गुडघा माले नालालगून बी लई जातस नहीत, पल्याड कसा लई जातीन? जागा बदलनी तं चंद्री इकनी पडी."

एवढ्यात गुरुजींच्या पत्नी कमलबेन रोजचं दूध न्यायला आल्या. जिभाऊंनी त्यांना गाठलंच. "वहिनी, गुरुजीसले दूध चालस, मंग म्हैस काब्र चालत नही?"

कमलबेन शांतपणे बरणी भरून घेत म्हणाल्या, "त्यांचं आयुष्यभर तसंच आहे, जिभाऊ. पगार पाहिजे, शाळा नको!"

*

गुरुजी मात्र हटणारे नव्हते, आणि नुसतं बोलणारेही नव्हते. त्यांनी जिभाऊंच्या डोक्यात गोबरगॅस भरवला. शेण नाल्यात जाण्यापेक्षा टाकीत जाऊ दे, चूल पेटेल, धूर नाही, वास नाही! जिभाऊंनी टाकी बांधली आणि पहिल्या चहाला आम्हा सगळ्यांना बोलावलं.

कप हातात आले. सगळ्यांची नाकं वर! मला वाटलं, किंचित काहीतरी येतंय. शेजारचा म्हणाला, किंचित कसलं, चांगलंच येतंय. एकाने तर कप खालीच ठेवला. गुरुजींनीही घोट घेतला, डोळे मिटले आणि पंचनामा केल्यासारखं म्हणाले, "थोडा वास आहे. सवय होईल."

जिभाऊंची बायको दारातून म्हणाली, "गॅस अजून पेटना कोठे? चहा तं सिलिंडरवर करेल शे!"

*

मग कृषी कॉलेजची एक मुलगी आली. म्हशीच्या तोंडातून किती वायू निघतो ते मोजायला. तिच्याजवळ एक पट्टा होता. पट्ट्याची नळी म्हशीच्या नाकाजवळ यायची आणि तिचं दुसरं टोक पाठीवरच्या डब्यात. तिने निवडली नेमकी चंद्री. चंद्रीने मान उडवली, रवंथ थांबवला आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. ना चारा, ना ढेकर!

मुलीने मावशीला विचारलं, "आजी, ही दिवसातून साधारण किती वेळा ढेकर देते?"

"बाई वं, मन्ही सासूना ढेकर मी कधी मोजात नहीत, म्हैसना कसा मोजू!"

शेवटी मावशी चंद्रीच्या पुढ्यात बसली आणि दळताना म्हणतात तसलं काहीतरी हळूहळू गुणगुणू लागली. शब्द कळत नव्हते. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली उतरलं होतं, त्यात भुशाचे कण तरंगत होते. चंद्री बसली. तिचा जबडा हलू लागला. मुलगी वाट बघत तिच्या पोटाला टेकून बसली, आणि पाहता पाहता झोपली! म्हशीचं पोट वरखाली व्हायचं, तसं तिचं डोकं वरखाली. मी कॅन घेऊन आलो होतो, तो तसाच दारात थांबलो. आवाज करावासा वाटेना.

जाताना गुरुजींनी तिला आपल्या पोर्चमध्ये बोलावून घेतलं. "मग? मी म्हणतो ते खरं की नाही?"

"खरं आहे, सर. म्हशीचा वाटा आहेच. चारा सुधारला, शेण टाकीत गेलं तर तो कमी करता येतो." मग तिने गाडीकडे पाहिलं, वर एसीच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण सगळंच तिच्या नावावर टाकू नका, सर. तिला सही करता येत नाही!"

*

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी मावशी डेअरीवर आली ती अर्धी झोपेतच. तिला स्वप्न पडलं होतं. चंद्रीच्या पोटात वायू भरत गेला, भरत गेला, आणि ती फुग्यासारखी अलगद वर उचलली गेली. खाली तापी, तापीवर चांदणं आणि दोरी मावशीच्या हातात.

"मंग सोडी का दोरी?" जिभाऊंनी विचारलं.

"कसी सोडू? मन्हा पाय बी वर उठनात ना!"

एरवी जिभाऊ अशा वेळी हसले असते. पण ते कॅन तसाच ठेवून तिच्याजवळ बसले. "वरतून काय दिसनं वं?"

मावशीने जरा आठवून पाहिलं. "कमलबेननी गच्ची. पापड वाळाले टाकेल व्हतात. दोन उचलात."

*

सभेत ठरलं, महिनाभर ट्रायल. म्हशी नदीवरून परत आल्या की गावात न आणता थेट नाल्यापलीकडे बांधायच्या. मग पुढचं बघू.

मावशीने नियम मोडला नाही. त्या दुपारी तिने अंगणातला खुंटा उपटला आणि फाटकाला बाभळीच्या काट्या लावल्या. चंद्री चुकून आलीच तर आत यायला नको म्हणून. एक व्यापारीही येऊन चंद्रीला बघून गेला होता. दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणाला होता.

संध्याकाळी म्हशी पाण्यातून निघाल्या. नदीवर फिकट गुलाबी उजेड, म्हशींच्या ओल्या पाठीही गुलाबी. नाल्यावरच्या फरशीपुलावर जिभाऊ आणि आम्ही दोघे-तिघे काठ्या घेऊन उभे होतो. सगळ्या वळल्या. चंद्री वळली नाही. ती आमच्या मधून निघाली आणि आपल्या नेहमीच्या चालीने गावात शिरली. आम्ही मागे.

मावशीच्या फाटकापाशी ती थांबली. काट्या हुंगल्या. आतून मावशी बघत होती, पण उठली नाही. तोंडाला पदर लावून बसून राहिली.

चंद्रीने थोडा वेळ वाट पाहिली. मग वळली, कोपऱ्यावरून पुढे गेली आणि गुरुजींच्या उघड्या गेटमधून आत! कडुनिंबाखालून पोर्चपर्यंत. पुढे गाडी होती. तिने गाडीच्या मागच्या काचेला कपाळ टेकवलं आणि उभी राहिली. अर्धी पोर्चमध्ये, अर्धी बाहेर.

गल्ली गोळा झाली. मावशीही भिंतीला धरून धरून आली. गुरुजी काठी घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच थबकले.

"गुरुजी, हाकली द्या ना तिले," जिभाऊ हळूच म्हणाले.

गुरुजींनी चंद्रीकडे पाहिलं. मग पोर्चच्या त्या कोपऱ्याकडे, आईच्या म्हशीच्या जुन्या जागेकडे पाहिलं. गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली आणि खिशातून किल्ली काढली. चंद्रीच्या मानेवर हात ठेवून तिला जरा बाजूला घेतलं, गाडी सुरू केली आणि मागे घेत घेत गेटबाहेर रस्त्यावर नेऊन लावली.

चंद्री आत गेली. एकदा गोल फिरली, कोपऱ्यात जाऊन बसली, डोळे मिटले आणि एक लांबलचक ढेकर दिला.

गुरुजी गाडीतून उतरले. "मावशी," ते म्हणाले, "इथल्या धुरीला पाला आमच्याच कडुनिंबाचा घ्या."