कुलूप नसलेल्या घराची किल्ली

खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण शहापूर तालुक्याचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एक गंजकी लोखंडी किल्ली येते. निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते.

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा माणूस सकाळीच ठाण्यात आला आणि त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत पन्नाशीचा एक शेतकरी चिखलातून भाताच्या रोपांचे मुठे वाहत होता. "बघा साहेब, हा अपंगाचा पगार खातो!" तिकडे सरकारी मदतीला सगळे पगारच म्हणतात.

मी तहसील कार्यालयातून कागद मागवले. मदत चालू राहायची तर फेरतपासणीचा फॉर्म भरावा लागे. याच्या फॉर्मवर 'काय त्रास होतो?' यापुढे लिहिलं होतं, 'काही नाही'. 'एकट्याने काम करता येते का?' तर 'येते'. खाली सही. अपंगत्वाच्या जुन्या दाखल्यावर मेंदूच्या आजाराचा उल्लेख होता, पण शिक्का पुसट. म्हणजे दाखला बोगस, आणि तो विकणारा दलाल कुठेतरी मोकळा फिरतोय, असा मी अंदाज बांधला. दलाल म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

त्याला चौकशीला आणलं. मागोमाग त्याची बायको आली आणि बाहेर बाकावर बसली. मी तोंड उघडायच्या आतच त्याने हात जोडले. "मी खोटा हाय साहेब. मला काय झालेलं नाय. लिवून घ्या."

"दाखला कुठून आणलास?"

"इकत घेतला. कल्याणला एक माणूस होता."

"दिसायला कसा?"

"उंच." मग जरा थांबून म्हणाला, "नाय, बुटका."

अरे देवा! जन्मभर 'मी नाही केलं' ऐकत आलो होतो. हा गडी गुन्हा अंगावर ओढून घेत होता आणि धड खोटंही बोलता येत नव्हतं त्याला. घामाने डबडबला होता. पण कबुली होती. अटकेची तयारी करून मी अंगझडती घ्यायला सांगितलं.

हवालदाराने टेबलावर तंबाखूची पुडी ठेवली, कंगवा ठेवला, आणि कमरेच्या करगोट्याला बांधलेली ती जाडजूड किल्ली सोडवून ठेवली. तेवढ्यात बायको दारातून आत घुसली. "किल्ली नका काढू साहेब! ती त्यांच्यापाशीच राहू द्या."

"कुठल्या कुलपाची आहे?"

"घराच्या," नवरा घाईने म्हणाला.

त्याला आणायला गेलेला हवालदार हसला. "साहेब, यांच्या दाराला कुलूप कुठाय? सुतळीने बांधतात."

त्याला कोठडीत नेलं. तो आतल्या सिमेंटच्या ओट्यावर टेकला, तशी बाई गजांना धरून ओरडली, "वर नको! खाली बसवा त्यांना, पडतील!"

"गप रव गो!" तो कळवळून म्हणाला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फिट आली की हातात लोखंड द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पहिल्या खेपेला फक्त त्याचे मुठे पाहिले होते. आता दिसलं, तो जिथे पाय टाकतो तिथे हाताच्या अंतरावर त्याची बायको. एक पाऊलही मागे नाही. मी धावत जाऊन त्याला ओट्यावरून उतरवलं आणि किल्ली परत दिली.

मग बाईने सगळं सांगितलं. मुलीचं मुरबाडकडे जमत आलं होतं. फेरतपासणीचा फॉर्म भरला गेला ग्रामपंचायतीत, सगळ्यांदेखत. तिथला माणूस एकेक प्रश्न मोठ्याने विचारून लिहीत होता आणि समोरच्या खुर्चीवर सोयरिकीचा मध्यस्थ बसलेला! हा बिचारा 'काय त्रास नाय, काय त्रास नाय' म्हणत गेला.

"अरे, त्यापायी जेलात जाशील!" मी खेकसलो.

"चोराच्या पोरीचं लगीन होतं साहेब. फिटवाल्याच्या घरातली पोर कोण करील?"

दाखला देणाऱ्या रुग्णालयाला फोन लावला. त्याचे जुने केसपेपर तिथे निघाले. गुन्हा उरला नाही, पण पेच होताच. फॉर्म दुरुस्त केला नाही तर पगार जाणार आणि गोळ्या बंद. केला तर पंचांसमोर, म्हणजे साक्षीदारांदेखत, खरं लिहावं लागणार. तो काही केल्या ऐकेना. शेवटी मुलगी आली, आसनगावच्या कंपनीतून तशीच, गळ्यात ओळखपत्र.

"बाबा, गोळ्या बंद होऊन तुमी पडलात तर काय मुरबाडवाले वाजंत्री घेऊन येणार हायत?" ती रडत होती आणि चिडलीही होती. "लिवा साहेब. मला तुमी जिते पायजे."

दुसऱ्या गावचे पंच बोलावून लिहिलं. पण अशी गोष्ट लपते होय? मुरबाडहून निरोप येईनासा झाला. बाजारच्या दिवशी तो माणूस ठाण्यावरून मान खाली घालून जायचा. कायद्याने मी बरोबर होतो, तरी तो दिसला की मीच नजर वळवायचो. या केसने मला एक शिकवलं: झटपट मिळालेल्या कबुलीला घाबरावं. माणूस गुन्हा कबूल करतो तो कधीकधी त्याहून मोठी भीती झाकायला.

मग एक दिवस पंचविशीचा एक पोरगा ठाण्यात आला. मुरबाडकडचा आहे म्हणाला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"साहेब, सासऱ्यांना फिट येते म्हणं. शेतावर आमी दोघंच असलो तर मी काय करायचं? ती किल्ली खरंच लागते का?"

"किल्लीबिल्ली काही नको," मी म्हटलं. डॉक्टरांनी मला सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही कोंबायचं नाही. तो मन लावून ऐकत होता. माझं लक्ष मात्र बोलण्यात नव्हतं. लग्नाची सुपारीही फुटली नव्हती अजून, आणि पोरगा त्याला सासरे म्हणाला होता.