खरकटा हात

माझी आई, गोदावरी, उभ्या जन्मात अण्णांच्या आधी जेवलेली नाही. यात तिला कुणी छळलं वगैरे नाही. उलट अण्णाच अधूनमधून म्हणायचे, "अगं, बस की बरोबर." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "मग गरम पोळी कोण वाढणार, तुमचा शिपाई?" अण्णा झेडपीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांना हसू यायचं आणि विषय तिथंच संपायचा. नवी पेठेमागच्या गल्लीतला आमचा संसार या एका विनोदावर चालत आला होता.

गेल्या नवरात्रात अण्णांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय, उजवा गाल आणि बोलणं, सगळं एका सकाळीत गेलं. पाय हळूहळू परत आला. बोलण्यातलं 'हो' आणि 'नको' तेवढं आलं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच असायचा. चिमटा काढला तरी अण्णांना कळायचं नाही.

आई रडली नाही. सांत्वनाला आलेल्या बायकांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं. मी अकलूजला शाळेत शिकवते, दर शनिवारी घरी येते. मी आले की ती विचारायची, "एसटीत जागा मिळाली का?" आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही. औषधं, अंघोळ, भरवणं, भांडी. पुन्हा औषधं. आठवडाभर अण्णा चार घासांत 'नको' म्हणतात, एवढं मात्र ती न चुकता सांगायची. एकदा मी तिला खोदून विचारलं, तर म्हणाली, "मला काही वाटत नाही गं. वाटायला पाहिजे, पण नाही वाटत." मला तिची काळजी वाटायची आणि संतापही यायचा. दगडसुद्धा उन्हानं तापतो, असं मी बोलूनही गेले. तिनं ऐकून घेतलं आणि कुकर लावला.

होटगी रस्त्याला अशा आजारातून उठलेल्यांसाठी एक केंद्र आहे. तिथं अण्णांना नेऊ लागलो. आपल्याकडे माणूस अंथरुणाला खिळला की पाच नातलग पाच उपाय सांगतात. इथं पाच जण एका टेबलाभोवती बसून एकच उपाय ठरवत होते, याचं मला फार नवल वाटलं. एक डॉक्टर, एक चालायला शिकवणारे, एक बोलायला शिकवणारे, एक मनाचं बघणाऱ्या बाई आणि उत्कर्षा. उत्कर्षाचं काम हातांना रोजचे व्यवहार पुन्हा शिकवायचं: बटण लावणं, भांग पाडणं, जेवणं. दर गुरुवारी ही मंडळी एकत्र बसायची आणि पेशंटच्या घरच्यांनाही खुर्ची मिळायची. एका गुरुवारी मी रजा काढून गेले.

"इथं काकांचा हात रिकामा चमचा घेऊन तोंडापर्यंत जातो," उत्कर्षा म्हणाली. "मग घरी का जात नाही?"

"घरी मी भरवते ना," आई म्हणाली.

"डाव्या हातानं तरी खाऊन बघू दे."

"नको," अण्णा म्हणाले. रोज देवपूजा करणारा माणूस डाव्या हातानं जेवणार, हे आमच्या घरात कुणाला पटलं नसतं. उजवा चालत नाही, डावा चालवून घ्यायचा नाही, म्हणून आईचा हात चालत होता.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "हात शिकण्याचे हेच महिने आहेत. आत्ता वापरला नाही तर मेंदू त्याला विसरून जाईल. नंतर आम्ही कितीही केलं तरी फारसं हाती लागणार नाही."

आईनं मान हलवली. ती याआधीही हलवली होती. घरी दोन शितं सांडली की तिचा हात पुढं व्हायचाच. "मी नेत नाही हो," ती म्हणाली, "तो आपोआप जातो."

बाहेर बाकावर दुधनीकडचा धुळाप्पा काठी घेऊन बसला होता. मेंढरं राखणारा माणूस, त्यालाही असाच झटका आलेला. तो म्हणाला, "काकू, तुमी असंच भरवत ऱ्हायला तर काकांचा हात बी पेन्शनीत जाईल की!" अण्णा वाकडं हसले. आई हसली नाही.

त्या रविवारी दुपारी उत्कर्षा आमच्या घरी आली. घरी जेवण कसं होतं ते तिला बघायचं होतं. एरवी रविवारी ओटा माझ्या ताब्यात असतो, पण पाहुणी येणार म्हणून स्वयंपाक आईनंच केला. तिनं अण्णांचं ताट वाढलं, त्यांचा हात धरून ताटाभोवती पाणी फिरवलं आणि लगेच भात कालवायला घेतला.

"काकू, तुमचं ताट कुठंय?" उत्कर्षानं विचारलं.

"माझं मागून."

"मागून नाही, आत्ता. हात धुऊन समोर बसा. भार्गवीताई वाढतील. आणि पहिला घास तुम्ही घ्यायचा."

"यांच्या आधी? का म्हणून?"

"तुमचा हात खरकटा व्हायला पाहिजे म्हणून. खरकटा हात दुसऱ्याच्या ताटाला लावता का तुम्ही?"

"शिव शिव!"

"झालं तर मग." उत्कर्षा अक्कलकोटच्या सोवळ्याच्या घरातली. तिला नेमकी कळ ठाऊक होती.

आई बसली. अण्णांकडे न बघता तिनं आमटीभात कालवला आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. काम उरकावं तशी ती जेवत होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि ताटात पडला.

"काका, बोटांकडे बघत राहा," उत्कर्षा म्हणाली. "बोटांना कळत नाही, ते डोळ्यांना कळू दे."

पहिला घास बनियनवर सांडला. आईचा हात झटकन पुढं झाला, बोटांना लागलेला भात तिला दिसला आणि हात मागं आला. दुसरा घास निम्मा तोंडात गेला, निम्मा उजव्या गालाला चिकटला. त्या गालाचा अण्णांना पत्ताच नव्हता. त्यांनी चावलं, गिळलं आणि कपाळाला आठी घातली.

"मी... मीठ," ते म्हणाले.

'हो' आणि 'नको' सोडून पहिला शब्द होता तो.

"मीठ... नाही."

मी पळीतली आमटी चाखली. बीपीमुळं मीठ बेतानं घालायचं होतं, पण यात मुळीच नव्हतं. भातही अळणी. आईचं ताट अर्धं संपलं होतं.

"आई, तुला कळलं नाही?"

तिनं आणखी एक घास घेतला, जिभेवर धरून ठेवला. "नाही गं," ती म्हणाली. मग तिनं अण्णांकडे पाहिलं. "अहो, रोजच असं होतं का? म्हणून नको म्हणायचात?"

"हो," अण्णा म्हणाले.

आईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. नवरात्रापासूनचं सगळं तेव्हा आलं. उजवा हात खरकटा, डोळे पुसायचे तर डावा उचलायला हवा होता. तो तिच्या मांडीवर तसाच पडून राहिला. समोर अण्णा बोटांवर नजर ठेवून तिसरा घास गोळा करत होते. मी मीठ आणायला उठले.