इंजिनाच्या आतला लाल रंग

आज बेसा गावात आमचे शेजारी त्यांच्या घराचं फाटक रंगवत होते. त्या लाल रंगाच्या वासाने पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडून मी त्याला आतून रंग देत होतो. बायको, शोभा, बाजूला येऊन बसली.

“आतून रंग काहून लावून राहिले? कोनाले दिसनार हाय?”

“धातूचे बारीक कण सुटून तेलात जाऊ नयेत म्हणून.”

“मी लावू का थोडा?”

“राहू दे वं, तुले नाही जमनार.”

ती थोडा वेळ बसली, मग उठून घरात गेली. काम बिघडलं नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

शोभाला जाऊन तीन वर्षं झाली. तिला रंगाचं काही नव्हतं, माझ्याजवळ बसायचं होतं. मी मान वरही केली नव्हती. त्या दुपारी तिने कोणती साडी नेसली होती, ते मला आठवत नाही.