पुठ्ठ्यावरचं नाव

बंद पडलेल्या यंत्रावर माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं अख्ख्या जबलपुरात कुणी चालत्या यंत्रावरही केलं नसेल. मामाजी म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. उभी हयात सरकारी कारखान्यात मशीन-दुरुस्तीत गेली आणि निवृत्त झाले ते फक्त कागदावर. कुणाचा पंखा कुरकुरला की ते स्टूल मागत नाहीत, चटई मागतात. पंख्याखाली डोळे मिटून निजतात आणि अर्ध्या तासानं सांगतात, "बेअरिंग ठीक आहे. बस, तेल मागून राहिला." एकदा मामीजींच्या कानातल्याची फिरकी बसवायला दोघं सराफ्यात गेली. फिरकी दहा मिनिटांत बसली, पण मामाजी सोनाराची फुंकणी बघत बसले. मामीजी एकट्या घरी येऊन, स्वयंपाक आटोपून, जेवल्यासुद्धा, तेव्हा हे उगवले. म्हणाले, "काय फुंकतो तो! झोपलेल्या लेकराच्या कपाळावर फुंकर घालावी, तसा." मामीजी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि ते यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यांचा एकच नियम होता, तोही कारखान्यातून आणलेला. जो खोलेल, तोच जोडेल. वस्तू उघडली रे उघडली की तिला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा आणि त्यावर पेन्सिलीनं स्वतःचं नाव घालायचं. मग ती वस्तू दुसऱ्या कुणी जोडायची नाही, घरधन्यानंसुद्धा नाही. आमच्या दारावरच्या घंटीला हा पुठ्ठा दीड महिना लटकत होता. कुरियरवाल्याला वाटलं, घरमालक हेच. तेव्हापासून आमची पार्सलं तो त्यांचंच नाव पुकारून देतो आणि आम्हीही मुकाट्यानं घेतो.

तर माझा मिक्सर. चटणीचा नव्हे, केकचा. भलं मोठं भांडं असलेला, ओट्यावर मान वाकवून उभा राहणारा. होळीला मला अवदसा आठवली आणि मी त्यात पुरण घातलं. दोन फेरे झाले, एक लांब कण्हणं ऐकू आलं, आणि मोटर फिरतेय पण फेटणी जागची हलेना. मामाजी आले. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मिक्सरला आणि मूठ कानाला लावली, आणि इतके आनंदले की मला जरा रागच आला. मागच्या अंगणात फाल्गुनाच्या उन्हात त्यांनी पेपर पसरला. एकेक भाग काढून त्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची. संध्याकाळपर्यंत पेपरवर अख्खा मिक्सर आडवा पडला होता आणि वरून कडुनिंबाची पिवळी पानं गळत होती. एका गिअरचे दात झिजून सपाट झाले होते. मी म्हटलं, "मामाजी, रिछाईच्या कारखान्यांत तुमच्या ओळखी आहेत, पितळेचाच करून घेऊ या की."

"नाही बेटा. मग मोटर जळेल. हा नरम बनवला तो यासाठीच. कोणी तरी आधी थकलं पाहिजे." एवढं बोलून ते त्या गिअरकडे बघत राहिले. चहा थंड झाला.

नवा गिअर आला, अर्थात मामाजींच्याच नावाच्या हाकेनं. आता उरली होती ती गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी बारीक पिन. आणि तिथे काम अडलं. पहिल्या रविवारी मामाजी म्हणाले, "ग्रीस मुरून राहिलं, मुरू दे." दुसऱ्या रविवारी उजेड बरोबर नव्हता. तिसऱ्या रविवारी ऊन अगदी लख्ख होतं. मी भजी घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी चिमट्यात पिन धरली होती आणि चिमटा थरथरत होता. पिन पडली. त्यांनी उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती घरंगळत माझ्या पायाशी आली.

"काहून पाहून राहिली?" ते म्हणाले. मग हळूच, "मामीला सांगू नको."

या हातांनी चाळीस वर्षं यंत्रं उघडून मिटली होती. मी पिन उचलून पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तू बसव."

"आणि तुमचा नियम?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मिक्सरला बांधलेल्या पुठ्ठ्यावरचं आपलं नाव सावकाश खोडलं आणि खाली माझं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. "चलो," म्हणाले, "आता कायदेशीर झालं." मग ते बोलत गेले आणि मी करत गेले. मिक्सर सुरू झाला तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

जाताना हत्यारांची पिशवी आमच्या ओट्यावर राहिली. ही पिशवी त्यांनी आजवर लग्नकार्यातही खाली ठेवली नव्हती. मी फाटकापर्यंत धावले, "मामाजी, पिशवी!" म्हणून ओरडले. त्यांनी मागे न बघता नुसता हात हलवला.

अजूनही ते दर रविवारी येतात. केक खातात, "गोड कमी झालं" म्हणतात, पंख्याखाली निजतात. पिशवीकडे बघत नाहीत. परवा मी ती वरच्या फळीवर ठेवायला उचलली, तर तिच्या बंदाला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर माझं नाव होतं.