आईने मागितलेली माफी

"तुम लोगों को किताबें जलाने का बड़ा शौक है."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

मागच्या थंडीतली गोष्ट. रायपूर नवी नवी राजधानी झालेली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. युरोपातल्या धर्मसुधारणेवर मला बोलायला सांगितलं होतं. मी सांगितलं, तिथे पापाची माफी पैसे मोजून मिळायची. जर्मनीतला एक मठवासी साधू त्याविरुद्ध उभा राहिला. पोपचं फर्मान आणि चर्चच्या कायद्याची पुस्तकं त्याने वेशीबाहेर जाळली. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत आणला. एवढंच. आमच्या घरी भिंतीवर कोणाचा फोटो आहे, हे मी बोललेच नव्हते. पण सरांना माझं आडनाव माहीत होतं.

माझी आई त्याच कॉलेजात रोजंदारीवर चपराशी. ती स्टाफरूममध्ये चहा देत होती. सरांनी तिला वर्गात बोलावलं.

"समझाओ अपनी बेटी को. आग लगाने की बातें कर रही है."

आईने हातातला ट्रे खाली ठेवला. हात जोडले.

"माफ करना साहब. लड़की नादान है."

मागच्या बाकावर कोणीतरी पुन्हा हसलं.

"अब तुम बोलो," सर मला म्हणाले.

आईचे हात जोडलेलेच होते.

"मैंने कुछ गलत नहीं कहा. माफी नहीं माँगूँगी."

आठवडाभरात आईला काढलं. कारण कोणी सांगितलं नाही. बाबा उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये हात भाजून घरी बसलेले. घर आईवर चालायचं. ती समता कॉलनीत धुणीभांडी करायला लागली. मी वर्गात ताठ बसायची आणि घरी तिच्याकडे पाहू शकायची नाही.

परवा तिच्या कंबरेला तेल लावताना विचारलं, "आई, माझं चुकलं का वं?"

"खरं बोलली तू. पण काम माह्यं गेलं. मले इचारलं होतं का?"

सरांनी तिला विचारलं नव्हतं. मीही नाही.

काल मी विचारलं. "प्राचार्यांकडे जाऊ. कामावर परत घ्या म्हणू. माफी मागायची नाही. येशील?"

"हव," ती म्हणाली. "पण बोलीन मी. तू मांगं उभी राह्य."

सोमवारी जातो आहोत. ती बोलेल. हात कोणीच जोडणार नाही.