फिरत्या मजल्याचे मालक

हे गेले तो गुरुवार होता. सकाळी हे हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसले. मॅनेजरने चहा ठेवला. यांनी कप उचलला नाही. मॅनेजर डॉक्टरांना आणायला खाली धावला. मजला फिरत होता.

डॉक्टरांना घेऊन तो वर आला, तेव्हा ज्या खिडकीपाशी त्याने मालकांना सोडलं होतं तिथे मालक नव्हते. "आत्ता इथेच होते हो," तो म्हणाला. त्या हॉटेलात इतकी वर्षं काढलेल्या माणसालासुद्धा घाबरल्यावर मजला सरकलाय हे सुचलं नाही. मग सुचलं, आणि दोघं फेरीच्या दिशेने चालत गेले. हे सापडले ते शेजारच्या इमारतीच्या स्वयंपाकघरांकडे तोंड करून, चहासकट. पुढे भेटायला येणारे मला विचारत, "कसे गेले हो?" मी खरं तेच सांगत असे, "फिरत फिरत." लोक एकमेकांकडे बघत आणि मला पाणी प्यायला देत.

नालासोपाऱ्याहून गासकडे जाताना रस्त्याला लागून आमची वाडी होती. लहानपणी यांचं काम एकच. विहिरीवर रहाट होता, त्याच्या बैलामागे चालायचं. बैल गोल, हेही गोल. पुढे पंप आला, रहाट मोडीत गेला. सासूबाई म्हणत, "रहाट इहिरीवरून काढला, ह्याच्या डोक्यातून नाय निघाला."

शाळा यांनी आठवीत सोडली आणि लग्नकार्याला खुर्च्या भाड्याने द्यायला लागले. खुर्च्यांवरून मंडप, मंडपावरून दिवे, दिव्यांवरून जनरेटर. मी शाळेत मराठी शिकवत होते. संध्याकाळी वह्या तपासत बसलेली असले, की हे समोर उभे राहून एखादी कल्पना सांगत. मी "विचार करते" म्हणायची. "बाईंचा विचार होईपर्यंत समुद्र आटेल," असं म्हणून हे ती करून मोकळे होत.

गोल फिरणारं स्टेज ही अशीच एक कल्पना. स्वागत समारंभात नवरा-नवरी स्टेजवर उभे राहणार आणि स्टेज हळूहळू फिरणार, म्हणजे सगळ्या पाहुण्यांना दोघं सगळ्या बाजूंनी दिसणार. पहिला प्रयोग विरारला झाला. तो हळूहळू झाला नाही. नवरदेव पांढराफटक पडला. नवरीचा मामा ओरडला, "अहो, थांबवा ते!"

हे म्हणाले, "मामा, ठरलंय ते फिरवायचं. थांबवायचे वेगळे पडतील."

पुढच्या मोसमात सगळ्यांना तेच स्टेज हवं होतं. दोन-तीन वर्षं वसईपासून विरारपर्यंत कुठल्याही श्रीमंत घरची नवरी एका जागी उभी राहिली नाही. लोक यांना शेठ म्हणू लागले. हे त्यावर समाधान मानतील असं फक्त यांना न ओळखणाऱ्यांना वाटलं.

एका रात्री जेवताना यांनी ताटात वाटी फिरवली आणि म्हणाले, "बाई, फिरतं हॉटेल. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. माणूस भात मागवेल डोंगराकडे आणि ताक पिईल समुद्राकडे."

"नालासोपाऱ्यात?" मी विचारलं.

"मग काय, नालासोपाऱ्याच्या माणसाने सरळच जेवायचं?"

वाडीच्या मधोमध बांधायच्या इमारतीचा वरचा मजला चौथा. मधला भाग, म्हणजे जिना, भटारखाना आणि गल्ला, जागेवर राहणार. भोवतीचा पट्टा टेबलांसकट फिरणार. एक फेरी व्हायला साधारण तासभर. रूळ आणि मोटार वसई पूर्वेच्या एका कारखान्यात बनवून घेतली. तिथल्या मिस्त्रीने याआधी फक्त मिठाईच्या दुकानाचा फिरतं काचेचं कपाट केलं होतं. यांना तेवढा अनुभव पुरेसा वाटला.

एवढ्या कामाला पैसा लागतो, आणि यांच्याकडे वाडी होती. पूर्वेचा तुकडा विकला तेव्हा पाया झाला. दक्षिणेचा विकला तेव्हा मजले चढले. उत्तरेचा आणि पश्चिमेचा थोडा विकला तेव्हा रूळ आणि मोटार आली. राहिलं ते पश्चिमेचं आमचं कौलारू घर आणि विहीर. ते सासूबाईंनी हयातीतच माझ्या नावावर करून ठेवलं होतं. "माज्या पोराला मी वळकते," त्या म्हणाल्या होत्या. "त्याच्या नावावर ठेवलं तं इहिरीचं पानी पन इकील."

जमिनी घेणारे तिथे काकड्या लावणार नव्हते, हे उघड होतं. यांना ते उघड वाटलं नाही. हॉटेल उभं राहत होतं तसतशा चारी बाजूंनी इमारती उभ्या राहत होत्या, सगळ्या चार मजली. उद्‌घाटनाच्या दिवशी मजला फिरायला लागला, आणि पाहुण्यांना डोंगराच्या जागी दिसल्या वाळत घातलेल्या चादरी, टीव्ही बघणारे आजोबा आणि लोकांची स्वयंपाकघरं. यांनी जग दाखवण्यासाठी जग विकलं होतं.

हॉटेल मात्र चाललं. उत्तरेच्या इमारतीतल्या एक काकू रोज संध्याकाळी खिडकीशी बोंबील तळत. एका गिऱ्हाइकाने वेटरला विचारलं, "ते समोर तळतायत ते मिळेल का?"

"साहेब, ते आपलं नाही. ते समोरच्या काकूंचं."

काकूंनी ऐकलं. "आधी माझ्या पोरांना पुरू दे!" त्या खिडकीतून ओरडल्या.

पुढच्या आठवड्यात हे त्यांच्या दारात उभे होते. महिनाभरात हॉटेलच्या यादीत 'समोरच्या काकूंचे बोंबील' हा पदार्थ आला, आणि सगळ्यात जास्त तोच खपायला लागला.

पण यांना डोंगर आणि समुद्र हवा होता. यांनी ठरवलं, आणखी तीन मजले चढवायचे आणि फिरता मजला उचलून सातव्यावर न्यायचा. त्यासाठी पश्चिमेचा तुकडा विकायचा. म्हणजे माझं घर आणि विहीर.

मी म्हटलं, "विचार करते."

यावेळी यांना माझ्या विचारासाठी थांबावं लागलं, कारण सही माझी होती. तीन आठवडे हे माझ्याशी फार गोड वागले. एकदा भांडी घासून ठेवली, ती मला पुन्हा घासावी लागली. जमीन घेणारा बिल्डर दोनदा पेढे घेऊन आला. रात्री मला झोप लागत नसे. त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून मी आयुष्यातली निम्मी पुस्तकं वाचली होती, आणि ती विहीर मागणारा माणूस असा एकमेव होता, ज्याला मला नाही म्हणता येत नव्हतं.

शेवटी हे मला एका संध्याकाळी हॉटेलात घेऊन गेले. मजला रिकामा ठेवला होता. "एक फेरी मारू," म्हणाले, "मग बोल." आम्ही बसलो. चादरी गेल्या, आजोबा गेले, काकूंनी हात केला. मग पश्चिमेला दोन इमारतींच्या मध्ये एक फट आली. त्या फटीतून आमची कौलं दिसली, शेवग्याचं झाड दिसलं, विहीर दिसली. आणि त्यांच्यावरून, पार लांब, समुद्राची एक पट्टी. सूर्य खाली चालला होता, ती चमकत होती.

मी म्हटलं, "अहो, हे घर विकलंत तर इथेही इमारत होईल. मग सातव्या मजल्यावरून काय बघणार?"

"ती चारच मजली होईल," हे म्हणाले.

"आजवर शेजाऱ्यांनी तुमच्याइतकंच बांधलं. तुम्ही सात केलेत की तेही सात करतील."

फट निघून गेली. अख्खी फेरी हे जागचे उठले नाहीत. लग्नानंतर मी यांना एवढा वेळ एका जागी बसलेलं पाहिलं ते तेव्हाच. पुन्हा फट आली तेव्हा अंधारलं होतं, फक्त आमच्या पडवीतला दिवा दिसत होता. हे त्याच्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "सही राहू दे. तुमच्या शाळेत जुनी घंटा पडलीय ना? ती मिळेल का बघ."

मुख्याध्यापकांनी दिली. तेव्हापासून फट समोर आली की वेटर घंटा वाजवून ओरडायचा, "समुद्र आला! समुद्र आला!" लोक घास तसाच धरून उठायचे. पलीकडची टेबलं रिकामी पडायची. समुद्र दोन-तीन मिनिटं टिकायचा, मग सगळे परत बोंबलांकडे.

म्हणून हे सुधारले असं कुणी समजू नये. त्या गुरुवारी हे मिस्त्रीची वाट बघत बसले होते. तिसरा मजलाही फिरवायचा होता, उलट्या दिशेने.

मॅनेजर सांगतो, चहा ठेवला तेव्हा मालकांसमोर फट होती. काकू सांगतात, "माझ्या खिडकीसमोर आले तेव्हा मी हात केला, त्यांनी केला नाही. मला वाटलं, बोंबलांचा भाव वाढवून मागितला म्हणून रागावलेत." हे सांगताना त्या रडल्या. त्यांच्यासमोर मलाही पहिल्यांदा रडू आलं.

तेराव्यानंतर बिल्डर पुन्हा पेढे घेऊन आला. मी पेढे ठेवून घेतले आणि विचार करते म्हणाले.

मोटार पुढच्या पावसाळ्यात जळाली. मिस्त्री वारला होता. चौथ्या मजल्यावर आता शिकवणीचे वर्ग भरतात. मजला जिथे थांबला तिथे थांबला आहे. घर माझ्या नावावर आहे. विहिरीला पाणी आहे. फट आहे.